सहावी ते आठवीची शिस्त: नियम लावताना या चुका टाळा

सातवीचा वर्ग माझ्याकडे आला त्या वर्षी पहिल्याच महिन्यात मी एका मुलाची डायरी नीट वाचली. ‘वर्गात बोलतो.’ ‘फार बोलतो.’ ‘लक्ष नाही, सारखा बोलत असतो.’ ‘समज द्यावी.’ तीन आठवड्यांत नऊ शेरे, पाच शिक्षकांचे, सगळे लाल शाईत, आणि प्रत्येकाखाली आईची सही. त्यातले तीन शेरे माझेच होते. मुलगा मात्र अजूनही बोलतच होता.

तो कोणत्या तासाला बोलतो, कुणाशी बोलतो, काय बोलतो, हे नऊपैकी एकाही शेऱ्यात नव्हतं. चार दिवस मी फक्त तेवढंच पाहिलं. शिक्षक उत्तरं सांगून लिहून घेत, तेव्हाच तो बोलायचा. त्याचा लिहिण्याचा वेग कमी होता आणि सुटलेले शब्द तो शेजारच्याला विचारत होता. मग मी उत्तरं आधी फळ्यावर लिहायला लागलो आणि त्याचं बोलणं निम्म्यावर आलं. तोवर नऊ वेळा त्याला बेशिस्त ठरवून झालं होतं.

या वयातल्या शिस्तीच्या बऱ्याचशा तक्रारी अशाच असतात. नियम योग्य असतो, तो लावणारी माणसंही मनापासून लावत असतात, पण लावण्याच्या पद्धतीत काहीतरी चुकतं आणि ते मुलाच्या नावावर लिहिलं जातं. वर्षानुवर्षं पाहिलेल्या आणि स्वतः केलेल्या अशा काही चुका इथे मांडतो.

सगळे नियम एकाच वजनाचे मानणं

मला सगळ्यात महागात पडलेली चूक ही. वर्षाच्या सुरुवातीला छापलेली नियमावली काढून पाहा. ‘बुटांना पॉलिश असावे’ आणि ‘कोणासही मारहाण करू नये’ ही दोन वाक्यं एकाच यादीत, एकाच टाइपात, एकाखाली एक दिसतील. ही यादी अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात पडते, तेव्हा दोन्ही नियम सारखेच महत्त्वाचे आहेत असं त्याला वाटत नाही. दोन्ही सारखेच बिनमहत्त्वाचे आहेत, असं वाटू लागतं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांनी 1970 च्या दशकापासून याच गोष्टीचा अभ्यास केला. कुणाला इजा करणं किंवा कुणाशी अन्याय करणं वेगळं, आणि केवळ रीत म्हणून पाळायची गोष्ट वेगळी, हा फरक अगदी लहान मुलांनाही कळतो. ‘बाईंनी परवानगी दिली तर दुसऱ्या रंगाचे मोजे चालतील का?’ असं विचारलं, तर मूल ‘हो’ म्हणतं. ‘बाईंनी परवानगी दिली तर मित्राला मारलं तर चालेल का?’ याला ते ‘नाही’ म्हणतं. ट्युरिएल यांच्या मांडणीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती आपल्या फार कामाची आहे. साधारण बारा-तेराव्या वर्षी मुलांना रीतिरिवाजाचे नियम ‘मोठ्यांची अपेक्षा, बाकी काही नाही’ असे वाटू लागतात. अशा नियमांनी समाजाची व्यवस्था टिकते, ही समज त्यानंतर, चौदा-सोळाच्या सुमारास येते. म्हणजे मधली दोन-तीन वर्षं ‘नियम आहे म्हणून पाळ’ या उत्तरात दमच नसतो, आणि नेमकी हीच वर्षं आपल्या वर्गात असतात.

म्हणून नियमांची वर्गवारी करून घ्या. इजा, अपमान, चोरी, धमकी, दुसऱ्याच्या अंगाला किंवा वस्तूला हात लावणं, हे एका बाजूला. यात तडजोड नाही आणि हे प्रत्येक वेळी, प्रत्येक शिक्षकाने तितक्याच गांभीर्याने घ्यायचं. रांग, वेळ, बोलण्याआधी हात वर करणं, वर्गाबाहेर जाण्याची पद्धत, हे दुसरीकडे. या नियमांचं कारण सांगा आणि जमेल तिथे ते मुलांकडूनच ठरवून घ्या. तास बदलताना जिन्यात रेटारेटी होते, काय करायचं, असं मी एका आठवीच्या वर्गाला विचारलं. मुलांनी चढणारे भिंतीच्या बाजूने आणि उतरणारे कठड्याच्या बाजूने असं ठरवलं आणि स्वतःच पाळलं. तिसरा गट मुलाच्या वैयक्तिक गोष्टींचा: मैत्री कुणाशी ठेवायची, वहीवर काय चितारायचं, अक्षर डावीकडे झुकवायचं की उजवीकडे. यात नियमच करू नका. यातले चार नियम गाळलेत तर पहिल्या गटातल्या नियमांचं वजन आपोआप वाढतं.

आणि नियम शक्यतो ‘काय करू नये’पेक्षा ‘काय करायचं’ या रूपात लिहा. ‘गोंधळ करू नये’ यातून मुलाला काहीच कळत नाही. ‘घंटा झाली की दोन मिनिटांत जागेवर, वही उघडलेली’ हे कळतं, आणि पाळलं की नाही हेही तपासता येतं.

प्रत्येक तासाला वेगळा नियम

प्राथमिक वर्गांत बहुतेक वेळ एकच शिक्षक असतो. सहावीपासून मूल दिवसभरात सहा-सात शिक्षकांपुढे बसतं. एकीला न विचारता पाणी प्यायला गेलेलं चालतं, दुसऱ्याला चालत नाही, तिसऱ्याच्या मूडवर असतं. आपण याला ‘मुलं शेफारली’ म्हणतो, पण खरं तर मुलं रोज सहा नियमावल्या पाठ करत असतात आणि कधीतरी त्यांची गल्लत होते.

जॅकलिन एक्ल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये मांडलेला एक मुद्दा इथे आठवतो. मुलांना थोडं स्वातंत्र्य आणि मोठ्यांशी जवळचं नातं हवं असतं, नेमक्या त्याच वयात माध्यमिक टप्प्यावर शाळेचं नियंत्रण वाढतं आणि शिक्षकाशी असलेली ओळख पातळ होते. यावर माझा उपाय साधा आहे. त्या वर्गाला शिकवणाऱ्या सगळ्यांनी वर्षाच्या सुरुवातीला अर्धा तास एकत्र बसायचं आणि पाचच गोष्टी एकसारख्या ठरवायच्या: उशीर, बाहेर जाणं, फोन, अपूर्ण गृहपाठ, मारामारी. बाकी ज्याच्या त्याच्या तासावर सोडून द्या.

चारचौघांत पाणउतारा

‘उभा राहा. सांग सगळ्यांना, काय चाललं होतं?’ हे वाक्य आपल्या सगळ्यांच्या तोंडी येतं. पण या वयातल्या मुलासमोर वर्ग बसलेला असला, की त्याचं लक्ष शिक्षकाकडे उरत नाही, ते मित्रांकडे जातं. गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांच्या 2005 च्या प्रयोगात तेरा ते सोळा वयाची मुलं संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ खेळली. एकटी असताना घेत त्यापेक्षा कितीतरी जास्त जोखीम त्यांनी मित्र सोबत असताना घेतली. मोठ्या माणसांत हा फरक जवळजवळ दिसला नाही. सगळ्यांसमोर उलट उत्तर देणारं तेच मूल स्टाफरूमच्या दारात मान खाली घालून उभं राहतं, ते यामुळे. 1989 च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी, असं स्पष्ट म्हटलं आहे.

मग करायचं काय? शिकवणं न थांबवता त्याच्या बाकाजवळ जा. आवाज इतका खाली ठेवा की शेजारच्यालाही अर्धवट ऐकू जाईल. ‘पट्टी आत ठेव. तिसरं उदाहरण सुरू कर.’ एवढं बोलून लगेच पुढे सरका. हे पुढे सरकणं सगळ्यात महत्त्वाचं. तिथेच उभं राहून आज्ञा पाळली जाण्याची वाट पाहिली, तर ती जाहीर कुस्ती होते आणि मुलाला हरणं परवडत नाही. अर्ध्या मिनिटाने लांबून पाहा, पट्टी बहुतेक वेळा आत गेलेली असते. गेली नसेल, तर तास संपल्यावर दोघांतच बोला.

एकाने केलेल्या खोडीसाठी सगळ्या वर्गाची मधली सुट्टी बंद करणं हाही पाणउताराच, फक्त चाळीस जणांचा. ज्यांनी काही केलं नाही त्यांना त्यातून एकच गोष्ट कळते: नीट वागून फायदा नाही.

शिक्षा मोठी केली की प्रश्न सुटतो असं समजणं

शाळेतून काही दिवस काढून टाकणं, एका चुकीला थेट कडक कारवाई, याने धाक बसेल असं वाटतं. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या एका कार्यगटाने 2008 मध्ये अशा ‘शून्य सहनशीलता’ धोरणांचा आढावा घेतला. अशा धोरणांनी शाळा जास्त सुरक्षित झाल्याचा पुरावा त्या गटाला सापडला नाही. टेक्सासमध्ये जवळजवळ 10 लाख विद्यार्थ्यांच्या नोंदींचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. सातवी ते बारावीच्या काळात त्यातल्या सुमारे 60 टक्के मुलांवर किमान एकदा तरी निलंबनाची किंवा काढून टाकण्याची कारवाई झाली होती. अशी कारवाई झालेली मुलं त्याच इयत्तेत पुन्हा बसण्याची किंवा शाळा सोडण्याची शक्यता जास्त होती.

याच्या उलट बाजूचा एक अभ्यास मला मनापासून महत्त्वाचा वाटतो. जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये तो प्रसिद्ध केला. पाच मिडल स्कूलमधल्या गणिताच्या काही शिक्षकांना एक छोटा ऑनलाइन स्वाध्याय दिला होता. मूल चुकीचं वागतं तेव्हा त्याच्या बाजूने काय चाललं असेल याचा विचार करायचा, आणि शिस्त लावतानाही नातं कसं टिकवता येईल ते लिहायचं, एवढंच त्यात होतं. इतर शिक्षकांच्या वर्गांतल्या 9.6 टक्के मुलांवर त्या वर्षी निलंबनाची कारवाई झाली, आणि या शिक्षकांच्या वर्गांत 4.8 टक्के. नियम तेच होते.

शिक्षेपेक्षा भरपाई बरी. बाक रंगवला तर बाक पुसायचा, कुणाची वही फाडली तर ती लिहून द्यायची. आणि हे शक्यतो त्याच दिवशी. सोमवारच्या चुकीची शिक्षा शुक्रवारी दिली, तर मुलाला फक्त शुक्रवार आठवतो.

‘मस्करी करत होतो, सर’

इथे थोडं थांबून वाचा. सातवीतल्या एका मुलीची पाण्याची बाटली रोज गायब व्हायची. कधी खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर सापडायची, कधी कचऱ्याच्या डब्यामागे. वर्ग हसायचा, तीही हसायची. मी तीन आठवडे हसण्यावारी नेलं. मग एके दिवशी लक्षात आलं की तिने बाटली आणणंच बंद केलंय आणि दुपारपर्यंत ती पाणी पीतच नाही.

नॉर्वेच्या डॅन ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: दुखावण्याचा हेतू, पुन्हा पुन्हा घडणं, आणि दोघांच्या ताकदीत फरक. तिसरी खूण आपण विसरतो. सहा जण एका बाजूला आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला, हाच तो फरक. ती हसत होती, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

अशा वेळी सगळ्यात घातक चूक म्हणजे दोघांना समोरासमोर उभं करून हात मिळवायला लावणं. भांडण असेल तर ते चालतं. छळ असेल तर ज्याला त्रास झाला त्याला पुन्हा त्याच ताकदीसमोर उभं केल्यासारखं होतं, आणि तो परत कधी सांगायला येत नाही. दोघांशी वेगवेगळं बोला. तारीख, जागा आणि कोण कोण हजर होतं, ते लिहून ठेवा. मग बघ्यांकडे वळा. फिनलंडच्या तुर्कू विद्यापीठात तयार झालेल्या ‘किवा’ या छळ रोखण्याच्या कार्यक्रमाचा भर बघ्यांवरच आहे: पाहणारे हसले नाहीत की छळणाऱ्याचा पगार बंद होतो. मी त्या वर्गातल्या दोन मुलांना वेगळं बोलावून फक्त एवढं सांगितलं, ‘उद्या बाटली हलली तर हसू नका, जागेवर आणून ठेवा.’ चौथ्या दिवसापासून बाटली हलली नाही. आठवड्याने आणि मग महिन्याने त्या मुलीला पुन्हा विचारायला मात्र विसरू नका. असे प्रकार थांबल्यासारखे वाटतात आणि जागा बदलून सुरू होतात.

सांगायला येणाऱ्याला ‘चुगलीखोर’ म्हणू नका, हे वेगळं सांगायला नको.

फोनचा नियम अर्धाच लिहिणं

फ्रान्सने 2018 मध्ये कायद्यानेच शाळेत फोन वापरायला मनाई केली, आणि तो नियम साधारण पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या शाळांना लागू केला. तुमच्या शाळेचा नियम कोणताही असो, तो पूर्ण लिहा: फोन बंद करून कुठे ठेवायचा, सापडला तर कोण घेणार, पावती मिळणार का, परत कधी आणि कुणाच्या हाती. बहुतेक भांडणं फोन घेण्यावरून होत नाहीत, ती परत देण्यावरून होतात. आणि रात्री ग्रुपवर पेटलेलं भांडण सकाळी वर्गात आलं, तर ‘ते शाळेबाहेरचं आहे’ म्हणून हात झटकू नका.

पालकांसाठी दोन गोष्टी

डायरीतला शेरा वाचून नुसती सही करू नका आणि शाळेत तावातावाने जाऊही नका. खाली एक ओळ लिहा: ‘हे कोणत्या तासाला, नेमकं काय झालं?’ मला त्या नऊ शेऱ्यांखाली अशी एक जरी ओळ दिसली असती, तरी तीन आठवडे वाचले असते. आणि मुलाला ‘का केलंस?’ विचारण्याआधी ‘काय झालं?’ विचारा. ‘का’ला या वयात खरंच उत्तर नसतं, ‘काय’ला असतं.

परत येण्याचा दिवस

कारवाई कशीही झाली असो, मूल परत वर्गात येतं तो पहिला तास आपण जवळजवळ नेहमीच वाया घालवतो. ‘आलास? आता तरी सुधारणार का?’ असं दारातच विचारतो. सगळा वर्ग वळून पाहतो आणि आदल्या दिवशीचं सगळं पुन्हा सुरू होतं. त्याऐवजी तो येण्याआधी त्याच्या बाकावर सुटलेल्या पानांची प्रत ठेवून द्या. तो आला की नावाने हाक मारा आणि म्हणा, ‘ये. काल आपण अपूर्णांकांच्या भागाकारापर्यंत आलो होतो. पान बेचाळीस काढ.’