आधी विदर्भ, लडाख नंतर: ॲडव्हेंचर बाईक नागपूरच्या रस्त्यांसाठी कशी तयार करावी

ॲडव्हेंचर टूरिंग बाईक घेताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लडाख असतं. पण ती गाडी वर्षभर धावते काटोल रोडवर, उमरेडकडे कोळशाच्या ट्रकांच्या मागे, रामटेक-पेंचच्या बाजूला, नाहीतर एखाद्या गावच्या पांदणीत, म्हणजे शेतरस्त्यावर. गाडीची खरी परीक्षा मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन, बारीक धूळ आणि पावसाळ्यातली काळी माती घेते. म्हणून देखभाल असो की मॉडिफिकेशन, निर्णय या तीन गोष्टी समोर ठेवून घ्या. क्रम माझ्या मते असा: आधी गाडी निरोगी, मग शॉकप आणि वजन, आणि सगळ्यात शेवटी नवे सुटे भाग. बाजारात याच्या उलट चालतं. चेन सैल पडलेली असते आणि गाडीला चार-चार एलईडी लागलेले असतात.

१. धुवा, आणि धुताना हाताने तपासा

वॉशिंग सेंटरवर प्रेशरचा फवारा चाकाच्या बेअरिंगवर, कोन सेटवर (हँडलच्या मानेतल्या बेअरिंगवर) आणि ऑइल कूलर किंवा रेडिएटरवर थेट मारू देऊ नका. पाणी सील ओलांडून आत जातं आणि कूलरच्या पातळ पाकळ्या वाकतात. घरी बादली, शाम्पू आणि मऊ ब्रश पुरे.

गाडी कोरडी झाली की स्टँडवर घ्या आणि एकेका स्पोकवर लहान पाना हलकेच मारत चाक फिरवा. ताणलेला स्पोक ‘टण्’ वाजतो, सैल पडलेला ‘थड्’. एक-दोन सैल निघाले तर निपल (स्पोकच्या टोकाचा नट) पाव फेरा आवळून बघा. चार-पाच निघाले तर मात्र स्वतः हात घालू नका, रिम आउट होईल. चाक काढून रिमचं काम जाणणाऱ्या मिस्त्रीकडे न्या. मग पुढचं चाक अधांतरी करून हँडल डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. मधोमध अडकल्यासारखी खाच जाणवली तर कोन सेट गेला. तो तसाच ठेवून ट्रिपला निघणं चुकीचं, कारण अशी गाडी सामान भरून वेगात सरळ राहत नाही.

पुढच्या शॉकपच्या पाइपवर तेलाची ओली रेघ दिसली तर लगेच सील बदलायला धावू नका. पुष्कळदा सीलखाली धूळ अडकलेली असते. डस्ट कव्हर खाली ओढून, जुन्या फोटो फिल्मसारखी पातळ गुळगुळीत पट्टी सीलच्या ओठाखालून फिरवली की घाण बाहेर येते. त्यानंतरही गळत असेल तर सील बदला, नाहीतर तेच तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरतं.

२. चेन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

ओ-रिंग चेन (जिच्या कड्यांत रबराच्या रिंगा ग्रीस धरून ठेवतात) धुवायला रॉकेल किंवा चेन क्लीनर वापरा, पेट्रोल नको. पेट्रोलने रबराच्या रिंगा कडक होतात आणि आतलं ग्रीस निघून जातं. तारेचा ब्रशही नको. फडक्याने कोरडी केल्यावर चेनच्या आतल्या बाजूला, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूला, चेन ल्यूब किंवा ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल लावा आणि जास्तीचं पुसून टाका. उन्हाळ्याच्या धुळीत चिकट, जाड थर ठेवला की त्यावर माती बसून चेनच घासली जाते. साधारण दर ५०० किलोमीटरला, आणि चिखलातून आल्यावर त्याच दिवशी, हे काम करा. धुताना आणि तेल देताना इंजिन बंद ठेवून चाक हाताने फिरवा. गिअरमध्ये चालू गाडीच्या चेनला फडकं लावणारे बोट गमावतात.

आता ताण. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांवर हात बसलेला मिस्त्री या गाडीची चेनही तशीच घट्ट करून देतो. तिथेच बिघडतं. या गाड्यांचा मागचा शॉकप लांब चालतो. रॉयल एनफील्ड हिमालयन ४११ मध्ये मागचं चाक १८० मिलिमीटर, तर हिमालयन ४५० मध्ये २०० मिलिमीटर वर-खाली होतं. मागचं चाक धरणारा चिमटा (स्विंगआर्म) वर-खाली होताना चेनचा ताण बदलतो. गिअरबॉक्सचा पुढचा स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वात जास्त ताणली जाते. स्टँडवर नीटनेटकी दिसणारी चेन, सामान आणि मागे माणूस बसला की तारेसारखी ताठ होते आणि भार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर येतो. म्हणून चिमट्यावरच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये दिलेली ढील मोजपट्टीनेच बघा. चाक फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि जिथे चेन सर्वात घट्ट आहे ती जागा धरून ताण ठरवा. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करा, एक्सलचा नट टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळा आणि तीन जण बसतील इतका भार देऊन पुन्हा एकदा चेन हाताने हलवून बघा. थोडी तरी हलली पाहिजे.

स्प्रॉकेटचे दात एका बाजूला आकड्यासारखे वळले असतील तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला.

३. उन्हाळ्याची तयारी: हवा, तेल, फिल्टर

टायरची हवा पहाटे, गाडी हलवण्याआधी बघा. तापमान दहा अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो. दुपारी डांबरावरून आल्यावर पंपावर मोजाल तर आकडा जास्त दिसणारच. तो बघून हवा काढली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर मऊ असतो, आणि मऊ टायर उन्हात जास्त तापतो. टायर विकत घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी अनेक उन्हाळे अंगणात काढलेलं रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात घसरतं.

इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच. हिमालयन ४११ ला १५डब्ल्यू-५० आहे. डब्यावर ‘जासो एमए२’ हे मोटरसायकलच्या तेलाचं मानक लिहिलेलं हवं. कारचं ऑइल यात घालू नका. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांमुळे तेलात बुडालेला क्लच घसरू लागतो. लिक्विड कूल्ड गाडी असेल तर एप्रिलच्या आधी कूलंटची पातळी आणि रेडिएटरचा पंखा चालतो का ते बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून ते दोन वर्षांनी बदला.

एअर फिल्टर मॅन्युअलमधल्या किलोमीटरवर सोडू नका. उमरेडच्या खाणींच्या रस्त्याने किंवा कोराडी-खापरखेड्याच्या राखेतून रोज जाणाऱ्याने तो प्रत्येक मोठ्या ट्रिपच्या आधी उघडून बघावा. कागदी फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा आतून बाहेर मारतात, बाहेरून आत नाही. काळा-तेलकट झाला असेल तर नवा टाका. फिल्टर बॉक्सच्या रबरी कडेवर ग्रीसचा हात फिरवला तर बारीक धूळ तिथेच अडकते.

४. काळी माती

पाऊस पडून गेल्यावर पांदणीत शिरलात की पहिल्या शंभर फुटांत काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. माती टायरला थराथराने चिकटते, त्यात पऱ्हाटीच्या नाहीतर तुरीच्या काड्या गुंततात आणि टायर व खालच्या मडगार्डमधल्या फटीत हे सगळं ठासून बसतं. पुढचं चाक फिरायचंच थांबतं. अशा वेळी रेस देऊन क्लच सोडत राहिलात तर मागचं चाक खड्डा करतं आणि क्लच प्लेटचा जळका वास येतो. गाडी बंद करा, काडीने मडगार्ड मोकळं करा आणि आल्या वाटेने परत फिरा. शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात पाय घालत नाही. आपणही तोच नियम पाळायचा.

पावसाळ्यात असे रस्ते टाळता येणार नसतील तर पैसे खर्च करण्यासारखा पहिला बदल हाच: खालचं मडगार्ड काढणं किंवा स्पेसर घालून वर उचलणं. आधी बघा, ब्रेकची नळी आणि एबीएस सेन्सरची वायर त्याच मडगार्डच्या क्लिपला बांधलेली असेल तर तिला दुसरी पक्की जागा द्यावी लागेल. हँडल दोन्ही टोकांना वळवून आणि शॉकप पूर्ण दाबून ती कुठे ओढली जात नाही ना, टायरला लागत नाही ना हे तपासा. मडगार्ड निघालं की चिखल सरळ कूलरवर उडतो, म्हणून पुढे जाळी हवी आणि प्रत्येक फेरीनंतर ती धुवायला हवी.

५. वजन आणि शॉकप

पॅनियर (मागच्या दोन्ही बाजूंच्या पेट्या) घेण्याआधी नेणार ते सगळं सामान काट्यावर ठेवा आणि मॅन्युअलमधल्या भारमर्यादेशी ताडून बघा. लोखंडी कॅरिअर आणि ॲल्युमिनियमच्या पेट्यांचंच वजन आधी भरतं, कपडे नंतर. इकडच्या दोन-तीन दिवसांच्या फेऱ्यांना मऊ सॅडलबॅग पुरते, आणि गाडी पडली तर पायही कमी सापडतो. हत्यारं आणि पाणी खाली व पुढे, हलकं सामान वर. मागच्या टॉप बॉक्समध्ये जड वस्तू भरली की पुढचं चाक हलकं होऊन हँडल थरथरतं.

मग मागच्या शॉकपचा प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब) लावा. मागचं चाक अधांतरी करून एक्सलपासून सीटखालच्या एखाद्या पक्क्या बिंदूपर्यंतचं अंतर मोजा. सामान लादून, स्वतः बसून पुन्हा मोजून घ्या. फरक चाकाच्या एकूण चालीचा साधारण तिसरा हिस्सा असावा, म्हणजे १८० मिलिमीटर चालीला ६० च्या आसपास. जास्त बसत असेल तर प्रीलोड वाढवा. प्रीलोड शेवटपर्यंत नेऊनही गाडी बसतच असेल तर सामान कमी करा.

६. मॉडिफिकेशन: काय करावं, काय सोडावं

खालून दगड लागतो तिथे बॅश प्लेट, पडल्यावर लिव्हर तुटतो म्हणून हँड गार्ड, उभं राहून चालवताना पाठ वाकते म्हणून हँडल उंच करणारा रायझर. या तिन्हींना कारण आहे. रायझर लावल्यावर थ्रॉटल आणि क्लच केबल ताणली जात नाही ना, हे हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. गाडी न्यूट्रलमध्ये चालू असताना हँडल वळवलं आणि रेस आपोआप वाढली, तर केबलची वाट चुकली आहे.

जादा दिवे लावायचे तर हेडलाइटची वायर सोलून जोड मारू नका. ४० वॅटचे दोन दिवे म्हणजे ८० वॅट, १२ व्होल्टला सुमारे पावणेसात अँपिअर. बॅटरीपासून वेगळी जाड वायर, बॅटरीजवळच १० अँपिअरचा फ्यूज आणि रिले (थोड्या विजेने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) घ्या. रिलेला इशारा देणारी बारीक वायर इग्निशनने चालू होणाऱ्या सर्किटवरून घेतली की चावी काढल्यावर दिवे आपोआप बंद होतात. जोड थिंबल दाबून आणि हीट श्रिंक नळी चढवून करा. नुसती टेप मे महिन्यात गळून येते. दिव्याचा झोत खाली ठेवा आणि समोरून गाडी आली की बंद करा.

सायलेन्सरला मात्र हात लावू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरबदल करता येत नाहीत, आणि कलम १८२अ अन्वये प्रत्येक फेरबदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा बाजूला ठेवला तरी आपले निम्मे रस्ते पेंच, ताडोबा आणि मेळघाटच्या जंगलांना लागून जातात. तिथे फटफटाट करत जाण्याचा आपल्याला काही अधिकार नाही.

जेरीकॅनही लागत नाही. हिमालयन ४११ ची टाकी १५ लिटर, ४५० ची १७ आणि हिरो एक्सपल्स २०० ची १३ लिटरची आहे. आपल्याकडच्या फेरीला तेवढं पुरतं.

७. पंक्चर घरी काढून बघा

बाभळीचा काटा कुठेही भेटतो. अलॉय चाकांच्या ट्यूबलेस टायरला प्लगचा किट आणि छोटा पंप पुरतो. स्पोकच्या ट्यूबवाल्या टायरला दोन टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन आणि एक्सल निघेल असा पाना हवा. हे काम रस्त्यावर पहिल्यांदा करायचं नाही. रविवारी अंगणात पुढचं चाक काढून, ट्यूब बाहेर घेऊन, परत बसवून बघा. ट्यूब काढल्यावर टायरच्या आतून फडकं फिरवा. काटा तिथेच रुतलेला असतो आणि नवी ट्यूबही फोडतो. जागा कमी असेल तर फक्त पुढच्या चाकाची २१ इंची ट्यूब सोबत ठेवा. अडचणीत ती मागच्या चाकातही घडी पडू न देता बसवून पंक्चरच्या दुकानापर्यंत जाता येतं.

८. चाचणी फेरी

पूर्ण सामान लादून आधी मनसरमार्गे रामटेकला जाऊन या. सगळं ठीक वाटलं तर अमरावती-परतवाड्यावरून चिखलदऱ्याचा घाट चढा. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या आसपासची ही चढण आणि तिची वळणं ब्रेक, क्लच आणि सामानाची बांधणी एका दिवसात तपासून देतात. समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, तेव्हा कोंढाळी-तळेगावचा जुना रस्ताच धरा.

निघण्याआधी कॅरिअर, बॅश प्लेट, रायझर आणि हँड गार्डच्या प्रत्येक बोल्टवर पेंट मार्करने बोल्टपासून पत्र्यापर्यंत एक सरळ रेघ ओढा. परत आल्यावर जिथे रेघ तुटलेली दिसेल तो बोल्ट सैल झाला आहे. तो काढा, आटे पुसा, निळं थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून टॉर्क रेंचने आवळा आणि नवी रेघ ओढा. त्याच वेळी चेनची ढील आणि स्पोकही पुन्हा बघून घ्या, कारण नव्या वजनाने पहिल्या फेरीतच दोन्ही थोडे ढिले पडतात.