गाडी पळून गेली तरी भरपाई मिळते

धडक देऊन वाहन पसार झालं, नंबर कुणीच पाहिला नाही, की घरचे लोक आशाच सोडतात. तसं करू नका. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत अशा अपघातात मृत्यू झाल्यास वारसांना २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. रक्कम तुटपुंजीच, पण हक्काची. अर्ज अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.

वाहन सापडलं तर मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जा. अपघात सोलापूर रस्त्यावर झाला आणि तुम्ही लातूरला राहता, तर दावा लातूरलाच लावता येतो. दर तारखेला सोलापूर गाठायची गरज नाही. कायद्यात सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून दिवसकार्य आटोपलं की लगेच एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा आणि शवविच्छेदन अहवालाच्या प्रती मागून घ्या. दवाखान्याची, औषधांची बिलं आणि पगाराची स्लिपही जपा. जाणाऱ्याची कमाई, वय आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं यांवरच रकमेचा हिशेब होतो. घरी येऊन ‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्याच्या कोऱ्या कागदावर सही अजिबात करू नका.