आपले निवडून दिलेले लोक हवामानाच्या विषयांवर मत कसं देतात, ते कसं ट्रॅक करायचं

आधी एक सांगतो, "हवामान बदल" हे शब्द शोधत बसलात तर वर्षात दोन-तीन ठराव सापडतील आणि तेही बहुतेक एकमताने पास झालेले, कारण तसल्या ठरावाला उघड विरोध करून वाईटपणा कोण घेणार. मी पहिलं वर्ष असंच घालवलं आणि मतं नोंदवायच्या माझ्या शीटमध्ये सगळेच चांगले दिसत होते. खरी मतं पडतात बस खरेदी, पार्किंग, बांधकामाचे नियम, झाडतोडीची परवानगी, कचरा, आणि सगळ्यात जास्त बजेटवर. आज घेतलेली डिझेल बस पुढची दहा-बारा वर्षं तरी धूर सोडत फिरणार. ओला कचरा डेपोवर दबून कुजला की मिथेन निघतो, आणि २० वर्षांच्या हिशोबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या साधारण ८० पट उष्णता धरून ठेवतो, म्हणजे कचऱ्याच्या टेंडरवरचं मत हे हवामानाचंच मत झालं ना.

सुरुवात एकाच सभागृहापासून, समजा तुमच्या महापालिकेपासून, करा आणि विषय पाच-सहाच घ्या, जास्त घेतले की दोन महिन्यात कंटाळा येतो. सभेचा अजेंडा आला की लगेच डाऊनलोड करून ठेवा, नंतर लिंक बदलते किंवा गायबच होते. आणि नुसती विषयांची नावं वाचून सोडू नका, सोबतची कागदपत्रं उघडा.

समजा विषय आहे "वाहन विभागाच्या गरजेनुसार बस खरेदीस मान्यता देणे". वाचून काहीच कळत नाही. आत नवव्या पानावर टेबल आहे, ४० डिझेल, १० इलेक्ट्रिक. सभेत एक सदस्य उपसूचना मांडतो की इलेक्ट्रिक ३० करा. उपसूचना पडते, मग मूळ ठराव पास होतो. आता ज्या बाईंनी उपसूचनेच्या बाजूने आणि नंतर मूळ ठरावाच्या विरोधात मत दिलं, त्या फक्त शेवटचं मत लिहिलंत तर "बसला विरोध करणाऱ्या" दिसतात, आणि ज्यांनी उपसूचना पाडली ते बससेवेचे कैवारी दिसतात! म्हणून उपसूचनेची वेगळी ओळ करायचीच. माझ्या मते सगळ्या कामात हीच ओळ सगळ्यात मोलाची.

तहकुबीचंही तसंच. विषय उघडपणे पाडायचा नसला की पुढच्या सभेवर ढकलतात, परत ढकलतात, आणि तो मरतो. तहकुबीचा सूचक कोण, अनुमोदक कोण, ते लिहून ठेवा. काही विषय समितीतच अडकतात, सभेपर्यंत येतच नाहीत, त्यामुळे समितीचं इतिवृत्तही, म्हणजे बैठकीची लेखी नोंद, वाचा.

इतिवृत्तात नुसतं "बहुमताने मंजूर" असं आलं म्हणजे बहुधा आवाजी मतदान झालं, नावं नाहीत. मग व्हिडिओ असेल तर तो बघा आणि कितव्या मिनिटाला कोण काय बोललं ते टिपा, किंवा दुसऱ्या दिवशी त्या सदस्यांनाच मेल करून सरळ विचारा की तुम्ही कुठल्या बाजूने होतात. अंदाजाने कधीच भरू नका, "नोंद नाही" असं लिहा. त्याहून चांगलं म्हणजे सभेआधीच एखाद्या सदस्याला सांगून ठेवायचं की नावानिशी मतदान मागा, बऱ्याच ठिकाणी नियमात ती सोय असते, सभेच्या कामकाजाची नियमावली एकदा वाचून घ्या.

शीटमध्ये तारीख, विषय क्रमांक, ठरावाचा मूळ मजकूर जसाच्या तसा, त्याखाली साध्या भाषेत एक ओळ, प्रत्येकाचं मत आणि कागदाची लिंक, एवढं पुरतं. गैरहजर, तटस्थ आणि हितसंबंध आहेत म्हणून बाहेर गेलेले, हे तीन वेगळे ठेवा. अमेरिकेत लीग ऑफ कन्झर्वेशन व्होटर्स ही संस्था १९७० पासून तिथल्या संसदेचं असं स्कोअरकार्ड काढते, त्यात गैरहजेरी साधारणपणे विरोधातच धरतात. मी तसं करत नाही, माणूस आजारीही असू शकतो, पण मोठ्या विषयाला तीनदा कुणी नसेल तर मी विचारतोच.

कुठलं मत हवामानाच्या बाजूचं, हे सभेच्या आधी लिहून ठेवा. नंतर ठरवलं की आवडत्या माणसाला झुकतं माप जातं, मी स्वतःला तसं करताना पकडलंय.

लोकांपुढे ठेवायच्या आधी प्रत्येक सदस्याला फक्त त्यांच्या ओळी पाठवा आणि आठवडाभर थांबा. चूक दाखवली तर कागद बघून दुरुस्त करा, आणि कारण सांगितलं तर ते त्यांच्याच शब्दांत, काटछाट न करता, शेजारच्या रकान्यात टाका.