पोटॅशियमचा रिपोर्ट आला? आधी गोळ्यांचा डबा उघडा

ठाण्याच्या नौपाड्यात मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून मला 19 वर्षं झाली. पोटॅशियम वाढलं म्हटलं की लोक आधी केळी बंद करतात. माझ्या आईचं 6.1 आलं, तेव्हा आमच्याही घरातून पहिली केळीच गेली. कारण मात्र तिच्या गोळ्यांच्या डब्यात होतं. म्हणून सांगते, आधी डबा टेबलावर रिकामा करा.

रक्तात पोटॅशियम साधारण 3.5 ते 5 हवं. शरीरातलं जवळजवळ 98 टक्के पेशींच्या आतच असतं, त्यामुळे आत-बाहेर थोडी हालचाल झाली तरी आकडा बदलतो. इन्सुलिन आणि ॲड्रेनालिन पोटॅशियम पेशींत ढकलतात. दम्याचं साल्ब्युटामॉलही तेच करतं. नेब्युलायझर वारंवार घेतला तर आकडा उतरू शकतो. अल्डोस्टेरॉन या हार्मोनची तऱ्हा वेगळी. ते किडनीकडून सोडियम राखून घेतं आणि पोटॅशियम लघवीवाटे बाहेर काढतं.

आता वहीत दोन रकाने पाडा, एक पोटॅशियम वाढवणाऱ्यांचा, दुसरा उतरवणाऱ्यांचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्या अल्डोस्टेरॉन कमी करतात, म्हणून त्या वाढवणाऱ्यांत. स्पायरोनोलॅक्टोन त्याचं काम थेट अडवते, तीही तिथेच. गुडघ्यासाठी घेतलेली डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन आणि लघवीच्या इन्फेक्शनची कोट्रायमॉक्साझोलसुद्धा. उतरवणाऱ्यांत फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन. रोज ज्येष्ठमधाचा काढा घेत असाल तर तोही इथे लिहा.

सगळ्यात मोठा घोळ 'पाण्याच्या गोळी'चा. फ्युरोसेमाइड पोटॅशियम घालवते, स्पायरोनोलॅक्टोन ते साठवते, आणि लोक दोघींनाही एकाच नावानं ओळखतात. ब्रँडवर जाऊ नका, स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं ते वाचा. एकाच गोळीत दोन औषधंही असतात.

आईच्या यादीत टेल्मिसार्टन होती, स्पायरोनोलॅक्टोन होती. शेजारच्या काकूंनी दिलेली डायक्लोफेनॅक ती तीन आठवडे घेत होती, मला न सांगता. बीपीसाठी आणलेलं कमी सोडियमचं मीठ होतं. त्यात काही सोडियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. वर तलावपाळीला फेरी मारून झाली की रोज एक शहाळं. एकेक गोष्ट तिच्या किडनीनं कदाचित निभावली असती, पाचही एकदम आल्या.

रक्त देताना मूठ सारखी आवळत-सोडत बसू नका. नमुन्यातल्या पेशी फुटल्या तरी आकडा खोटा वाढतो, म्हणून डॉक्टर कधीकधी पुन्हा तपासायला सांगतात.

यादी डॉक्टरांना दाखवा, पण स्वतःहून एकही गोळी बंद करू नका. हृदयाची गोळी अचानक सोडणं फार महागात पडतं. वाढवणाऱ्यांतली नवी गोळी सुरू झाली की एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) कधी करायचं, तेही त्याच भेटीत विचारून घ्या. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर त्याच दिवशी फोन करा, पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आकडा 6 च्या पुढे असेल, किंवा हातापायांतली ताकद गेली, छातीत धडधडलं, चक्कर आली, तर वही घरीच राहू दे. रिक्षा करून थेट इमर्जन्सीत जा आणि लगेच ईसीजी काढायला सांगा.