काबुली चण्याच्या कुकीज करायच्यात? मग तयारी आज रात्रीच सुरू करा

उद्या दुपारी मुलं शाळेतून आल्यावर कुकीज हव्या असतील तर चणे आज रात्रीच भिजत घालायला हवेत, या कुकीजमध्ये मैद्याऐवजी शिजवलेले चणे वाटून घालायचे, मग एवढं आलंच. साधारण १०० ग्रॅम काबुली चणे घ्या, शिजून सव्वादोनशे-अडीचशे ग्रॅम होतात आणि १४-१५ छोट्या कुकीजला तेवढे बास होतात. भिजवताना भरपूर पाणी घाला आणि सोडा नको, त्याचा वास कुकीजला राहतो. बेसन घेऊन शॉर्टकट मारू नका, ते कच्चट लागतं आणि कुकीची नानकटाई व्हायला लागते, ती वेगळी गोष्ट, छान असते, पण आपल्याला आत्ता ती नकोय.

सकाळी पाणी बदलून चिमूटभर मीठ घालून कुकरला ५-६ शिट्ट्या, मग गॅस बारीक करून अजून दहा मिनिटं. उसळीला चणा अख्खा राहिला तर चालतो, इथे नाही चालत, दोन बोटांत धरून हलकंच दाबला की लोण्यासारखा पसरला पाहिजे, मध्ये जरा जरी कणी लागली तर परत कुकर लावा.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम, आणि इथे घाई अजिबात करायची नाही: चणे चाळणीत निथळून सुती कपड्यावर पसरा, वरून दुसऱ्या कपड्याने चोळा, म्हणजे पाणीही टिपलं जातं आणि सालंही सुटतात, ती वेचून काढा. कंटाळवाणं आहे मान्य, पण ओले चणे वाटले की पीठ सैल होतं, मग कुकी आतून गिच्च राहते, आणि साल राहिली की दाताखाली येते आणि मुलं लगेच विचारतात यात काय घातलंय.

बाकीचं सामान ओट्यावर काढून ठेवा: पीनट बटर १५० ग्रॅम (घरी करायचं तर खमंग भाजलेले, सोललेले दाणे मिक्सरला तेल सुटेपर्यंत फिरवायचे), गूळ पावडर ८०-९० ग्रॅम, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, व्हॅनिला, मीठ, आणि अर्धी वाटी डार्क चॉकलेटचे तुकडे. दाण्यांची ॲलर्जी कोणाला असेल तर तिळाची पेस्ट घ्या, डब्यात देणार असाल तर शाळेत आधी विचारून घ्या. आणि एक सांगते, गुळाने ह्या कुकीज डायबेटिसवाल्यांसाठी मोकळ्या होत नाहीत, गूळ म्हणजे साखरच. फायदा आहे तो चण्यातल्या फायबरचा आणि प्रोटीनचा, मैद्यात फायबर अगदीच नावापुरतं असतं.

मिक्सरचं भांडं कोरडं पुसून घ्या, चॉकलेट सोडून सगळं त्यात, थांबून थांबून, कडा खरवडत फिरवा, अडकलंच तर चमचाभर दूध, पाणी नको. चॉकलेट मात्र हाताने मिसळायचं, गरम झालेल्या वाटणात लगेच घातलं तर वितळतं.

राजम्याच्या करायच्या असतील तर तो भिजवून, ते पाणी टाकून देऊन, कुकरला नीट शिजवाच, अर्धाकच्चा राजमा पोटाला खरंच त्रास देतो. रंग गडद येतो म्हणून त्यात दोन चमचे कोको छान लागतो.

ओटीजी १७५ डिग्रीला दहा मिनिटं आधी लावून ठेवा, ट्रेला बटर पेपर लावा. ओल्या हाताने गोळे करून तळहाताने चपटे करा, कारण यात मैद्याच्या कुकीसारखं लोणी-साखर वितळून पसरणं नाही, जो आकार आत जाईल तोच बाहेर येणार. १२ ते १५ मिनिटं, खालची बाजू तांबूस झाली की काढा. बाहेर काढल्यावर मऊच असतात, लगेच उचलल्या तर मोडतात, दहा मिनिटं ट्रेवरच राहू द्या. कुरकुरीत होणारच नाहीत या, त्यासाठी जास्त वेळ ठेवलं तर नुसत्या कोरड्या पडतात. गार झाल्या की फ्रीजमध्ये बंद डब्यात चार दिवस राहतात, बाहेर मात्र ठेवू नका, कडधान्याचा पदार्थ आहे, लवकर आंबतो.