मृगाच्या आत व्हॉइसमेलचा बॅकअप: तयारीची यादी

मे सरत आला की बेळगावच्या शिवारात धूळवाफ पेरणीची घाई सुरू होते आणि माझ्याकडे उद्यमबागेतल्या कारखान्यांचे फोन. वळीव सुरू झालेला असतो. वीज कडाडते, लाइट जाते-येते, आणि वर्षभर कुणी ढुंकून न बघितलेला टेलिफोनचा सर्व्हर एकदम सगळ्यांना आठवतो. म्हणून व्हॉइसमेलचा, म्हणजे फोन उचलला नाही की रेकॉर्ड होणाऱ्या निरोपांचा, बॅकअप मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या अलीकडे उरकायचा. मी सांभाळतो ते ॲस्टेरिस्क, म्हणजे ऑफिसचे फोन चालवणारं सॉफ्टवेअर, आणि ते ब्राउझरमधून सांभाळायचं फ्रीपीबीएक्स. तुमची यंत्रणा वेगळी असेल तर नावं बदलतील, कामं तीच राहतील.

आधी बॅकअपचं बटण दाबू नका. ॲडमिन पॅनेल उघडा, शेजारी वही घ्या आणि कुठला मेलबॉक्स (निरोपांची पेटी) कुणाचा ते लिहून काढा. दोन-तीन तरी अशा माणसांचे निघतात जी कधीच नोकरी सोडून गेली, आणि डीलर मात्र इमानेइतबारे तिथं निरोप ठेवताहेत. ते मेलबॉक्स काढून टाकायच्या आधी आतले निरोप बाजूला काढा. याच बैठकीत पासवर्ड बघून घ्या. एक्स्टेन्शन (आतला फोन नंबर) २०४ आणि पासवर्डही २०४, हे मी इतक्या ठिकाणी बघितलंय की आता रागही येत नाही. मेलबॉक्समधून बाहेर फोन लावायची किंवा उलट फोन करायची सोय गरज नसताना चालू असेल तर बंद करा. असा सोपा पासवर्ड एखाद्या चोराला लागला, तर रातोरात परदेशी फोनचं बिल तुमच्या नावावर चढू शकतं.

मग जागेचा हिशेब. आवाजाच्या साध्या वॅव्ह फाइलला मिनिटाला साधारण १ एमबी लागते. वॅव्ह-४९ हा दाबलेला प्रकार त्याच्या दहाव्या हिश्शात बसतो. एका फोल्डरात मुळात १०० निरोपांची मर्यादा असते. २० मेलबॉक्सांचा एकेक फोल्डर काठोकाठ भरला आणि प्रत्येक निरोप मिनिटाचा धरला, तरी सगळे मिळून २ जीबी. म्हणजे अडचण निरोपांच्या जागेची नसतेच. डिस्क भरते ती रोज रात्री त्याच डिस्कवर साठत जाणाऱ्या जुन्या बॅकअपांनी. किती दिवसांचे ठेवायचे तो आकडा घाला. मी १४ ठेवतो.

इथं थोडं थांबून एकदा डिस्कच्या आत बघाच. व्हार, त्यात स्पूल, त्यात ॲस्टेरिस्क, त्यात व्हॉइसमेल, त्यात डिफॉल्ट, आणि शेवटी एक्स्टेन्शनच्या आकड्याचं फोल्डर. प्रत्येक निरोपाच्या दोन फाइली: एक आवाजाची, दुसरी साध्या मजकुराची. मजकुराच्या फाइलीत कुणाचा फोन, किती सेकंदांचा निरोप आणि वेळ असते. ही वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत असते, म्हणून दहा आकडी लांबलचक संख्या दिसली तर घाबरू नका. फाइलींचे क्रमांक ०००० पासून सुरू होतात, आणि मधला एक निरोप पुसला की मागचे सगळे एकेक घर पुढं सरकतात. काल ०००३ असलेला निरोप आज ०००२ असतो. म्हणून नुसतं फोल्डरावर फोल्डर कॉपी करत राहिलात तर खिचडी होते: आवाज एका गिऱ्हाइकाचा, नाव दुसऱ्याचं. रोजचा गठ्ठा तारखेसकट वेगळा बांधायचा, आणि तोही रात्री, कुणी निरोप ऐकत-पुसत नसताना.

निरोप ईमेलवर पाठवून सर्व्हरवरून पुसायची खूण कुणी लावून ठेवलीय का तेही बघा. लावली असेल तर तुमच्या बॅकअपात त्या माणसाचं काहीच नसणार. त्याचा बॅकअप म्हणजे त्याचा मेल.

आता माझी फजिती. फ्रीपीबीएक्समध्ये बॅकअप घेताना मॉड्यूल, म्हणजे त्याचे वेगवेगळे भाग, निवडावी लागतात. मी व्हॉइसमेल निवडलं, एक्स्टेन्शन निवडली आणि निर्धास्त झालो. डिस्क गेली, नवी बसवली, सगळं परत आलं, आणि रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "सर, मॅडमचा आवाज येईना की हो!" फोन लावल्यावर वाजणारं कंपनीचं मुख्य ग्रीटिंग, मराठी, कन्नड आणि हिंदी अशा तीन भाषांतलं, व्हॉइसमेलच्या फोल्डरात नसतंच. ते रेकॉर्डिंगच्या वेगळ्या मॉड्यूलमध्ये असतं आणि मी ते घेतलंच नव्हतं. कन्नड भाग बोललेल्या अकाउंट्सच्या मॅडम निवृत्त होऊन धारवाडला गेलेल्या. आठवडाभर नव्यानं बोललेली नुसती मराठी वाजली, आणि आपल्या भागात एकच भाषा वाजली की काय काय ऐकून घ्यावं लागतं ते मी सांगायला नको. तेव्हापासून ग्रीटिंगची एक प्रत मी पेन ड्राइव्हवरही ठेवतो. सेटिंग आणि डेटाबेस घ्यायचे हे सगळ्यांना माहीत असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

प्रती तीन हव्यात: एक मशीनवर, एक अकाउंट्सच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर), एक गावाबाहेर. निपाणीला शाखा असेल तर तिथं, नाहीतर क्लाउडवर. बाहेर जाणारी प्रत पासवर्ड लावून बंद करा. निरोपांत भाव असतात, गिऱ्हाइकांचे नंबर असतात.

मग रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअप परत चढवून बघणं, तेही चालू मशीनवर नव्हे, एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर. ट्रंकच्या, म्हणजे बाहेरच्या लाइनच्या, केबल न जोडता. परत आलेल्या फाइलींची मालकी ॲस्टेरिस्क या युजरकडे आहे का बघा, नाहीतर फाइल डोळ्यांसमोर असून फोनवर ऐकू येत नाही. टाइम झोन कोलकाता, म्हणजे भारताची वेळ, आहे ना? नसेल तर सकाळी दहाला आलेला निरोप पहाटे साडेचारला आला म्हणून सांगतो. मग *९७, म्हणजे आपला मेलबॉक्स उघडायचा नंबर, दाबून एक जुना निरोप, आणि वेगळी वाजवून तीनही ग्रीटिंग शेवटपर्यंत कानांनी ऐका. पडद्यावरच्या हिरव्या खुणेवर मी आता विसंबत नाही.

शेवटी कागद. ऑगस्ट २०१९ च्या पुरात कोल्हापूरची वाट बंद पडली होती. तशा दिवशी मी काही तुमच्या सर्व्हरच्या रॅकजवळ पोचणार नाही. म्हणून बॅकअप कुठं आहे, कुठल्या तारखेचा चालवायचा, आधी कुठली केबल काढायची, हे तिथल्याच माणसाला वाचून करता येईल असं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पासवर्ड त्यावर नको, तो मालकांच्या कपाटात, पाकिटात. आणि कागदाला लॅमिनेशन करून घ्या. गेल्या पावसात आमच्या कागदाची शाई उतरली आणि खाली नुसता माझा फोन नंबर शिल्लक राहिला.