परदेशातलं स्नूकर ऑनलाइन बघताय? या चुका टाळा

एप्रिलच्या मध्यावर शेफील्डच्या क्रुसिबल थिएटरमध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप सुरू होते आणि इकडे माझा फोन वाजायला लागतो. समोरून एकच वाक्य: "अरे, दिसत नाहीये." कोणती स्पर्धा, कुठल्या अ‍ॅपवर, पैसे भरलेत का, यातलं काहीही सांगायची तसदी नाही. मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं उरली की शोधाशोध करायची आणि मग नेटला शिव्या द्यायच्या, ही आपली पद्धत. तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

वर्षभर साडेचार तासच धरणं

ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे, हे अर्धंच खरं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार. बाकीच्या काळात साडेपाच. वर्ल्ड चॅम्पियनशिप साडेचारच्या हिशोबात बसते. तिथलं सकाळी दहाचं सत्र आपल्याकडे दुपारी अडीचला, अडीचचं संध्याकाळी सातला आणि सातचं रात्री साडेअकराला. पण यॉर्कची यूके चॅम्पियनशिप आणि जानेवारीत लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये होणारी मास्टर्स थंडीत येतात. तिथलं सातचं सत्र आपल्याकडे रात्री साडेबाराला सुरू होतं, म्हणजे तारीखही बदललेली असते.

आमच्या क्लबात एक दादा आहेत. स्नूकरची समज जबरदस्त, घड्याळाची शून्य. २०२४ च्या यूके चॅम्पियनशिपची फायनल होती, जड ट्रम्प आणि बॅरी हॉकिन्स. दादांनी अधिकृत सदस्यत्वाचे पैसे रीतसर भरलेले. एप्रिलची सवय म्हणून रात्री साडेअकराला टीव्हीसमोर बसले. पडद्यावर काही नाही, कारण यॉर्कमध्ये तेव्हा सहाच वाजले होते. एक तास थांबले असते तर सगळं आपोआप दिसलं असतं. पण थांबतील ते दादा कसले! अ‍ॅप काढून परत टाकलं, राउटर बंद-चालू केला, पासवर्ड बदलला. तरी काही नाही म्हटल्यावर टेलिग्रामच्या कुठल्याशा ग्रुपवर कोणीतरी दिलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल, फोनमध्ये टाकली. तिने एसएमएस वाचायची परवानगी मागितली, दादांनी दिली. मॅच बघायला एसएमएस कशाला लागतात, हा प्रश्न त्या घाईत सुचला नाही. साडेबाराला टीव्हीवर फायनलचं सत्र बरोबर सुरू झालं, आणि थोड्याच वेळात फोनवर खात्यातून पैसे गेल्याचे मेसेज यायला लागले. ओटीपी त्या फाइलवाल्याला परस्पर मिळत होते. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन केला म्हणून थोडी रक्कम गोठवता आली. बाकीची गेली. ट्रम्पने १०-८ ने फायनल जिंकली, ते दादांना दुसऱ्या दिवशी क्लबात कळलं.

मी वेळ डोक्यात मोजतच नाही. फोनच्या वर्ल्ड क्लॉकमध्ये लंडन आणि शांघाय कायम ठेवलेलं आहे. स्पर्धा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी सगळ्या सत्रांच्या भारतीय वेळा कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवतो. घरचे हसतात, हसू देत. चीन मात्र आपल्यापेक्षा वर्षभर अडीच तास पुढे असतो, त्यात बदल नाही. नवशिक्यांनी तिथल्या स्पर्धांपासून सुरुवात करावी, जागरण तरी वाचेल.

"बंद पडलं!"

बंद पडलेलं नसतं. चार फ्रेम (फ्रेम म्हणजे मॅचमधला एक डाव) झाल्या की इंटरव्हल होतो, साधारण पंधरा मिनिटांचा. खेळाडू आत जातात, पडद्यावर रिकामं टेबल किंवा नुसती पाटी. या पंधरा मिनिटांत रिफ्रेश मारणारे लोक मी पाहिलेत. चहा करा.

याचाच मोठा भाऊ म्हणजे "मॅच अर्धवट सोडली". वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या पहिल्या फेरीतली मॅच जास्तीत जास्त १९ फ्रेमची, ती दोन सत्रांत होते. फायनल ३५ फ्रेमची, दोन दिवस, चार सत्रं. ५-३ वर खेळाडू उठून गेले तर उरलेली मॅच पुढच्या सत्रात, आणि ते सत्र बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी असतं.

यूट्यूबवरचं खोटं 'लाइव्ह'

लाल ठिपका दिसला की लोक भुलतात. आत जुनी मॅच फिरवत ठेवलेली असते, नाहीतर नुसता स्कोअर आणि खाली 'पूर्ण मॅच इथे बघा' अशी लिंक. ओळखायची माझी खूण म्हणजे प्रायोजकाचं नाव. क्रुसिबलमध्ये बेटफ्रेड लिहिलेलं दिसलं तर ते २०२२ चं किंवा त्याआधीचं. काझू असेल तर २०२३ किंवा २०२४. खुर्च्या रिकाम्या असतील तर बहुधा २०२० चं करोनातलं वर्ष. ही खात्री करायला दहा सेकंद लागतात, पण तेवढाही धीर नसतो. शिवाय खाली कमेंटमध्ये "कोण जिंकतंय?" असं विचारतात.

व्हीपीएन लावला की झालं, हा समज

व्हीपीएन म्हणजे आपण दुसऱ्याच देशातून इंटरनेट वापरतोय असं भासवणारी सोय. यावर माझं मत कडक आहे आणि ते काहींना आवडत नाही. प्रक्षेपणाचे हक्क देशागणिक आणि स्पर्धेगणिक विकले जातात, ते दर हंगामात बदलू शकतात. त्यामुळे "मागच्या वर्षी इथे दिसायचं" या वाक्याला काही किंमत नाही. सगळ्यात आधी या स्पर्धा भरवणाऱ्या वर्ल्ड स्नूकर टूरच्या (डब्ल्यूएसटी) वेबसाइटवर त्या स्पर्धेची प्रक्षेपकांची यादी बघायची. तिथे आपला देश नसेल तर त्यांचीच ऑनलाइन प्रक्षेपणाची डब्ल्यूएसटी प्ले सेवा उघडून बघायची. कोणी हक्क घेतलेले नसले की बऱ्याचदा तीच चालते. मात्र पैसे भरण्याआधी ती स्पर्धा आपल्या देशात दिसणार आहे का, ते तपासा. एक स्पर्धा दिसते म्हणून सगळ्या दिसतील असं नाही.

हे न करता मंडळी थेट व्हीपीएनवर उडी मारतात आणि बीबीसीची ऑनलाइन सेवा आयप्लेयर उघडायला बघतात. ती सेवा ब्रिटनमध्ये असलेल्यांसाठी आहे, आणि तिथे टीव्ही लायसन्स (टीव्ही बघायचा तिथला परवाना) आहे का असं विचारतात. पुण्यात बसून तिथे 'हो' दाबणं म्हणजे सरळ खोटं बोलणं. फुकट व्हीपीएन तर हातही लावू नये. तुमचा सगळा इंटरनेट वापर ज्याच्या हातातून जातो, तो ते फुकट का करतोय याचा विचार करा. आपल्याकडे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशाने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली आणि काही कंपन्यांनी भारतातले सर्व्हरच हलवले. दुबई-शारजात असलेल्यांनी जास्त जपावं. तिथे व्हीपीएन वापरणं हाच गुन्हा नसला, तरी व्हीपीएनआडून गुन्हा केला तर दंड पाच लाख दिरहमपासून सुरू होतो. एका सेमीफायनलसाठी एवढी जोखीम घ्यायची असेल तर घ्या, मला फोन करू नका.

कार्ड चालत नाही म्हणून दहा वेळा तेच करणं

भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार सुरुवातीला बंद असतात, रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करा, मर्यादा कमी ठेवा, पैसे भरून झाले की परत बंद करा. कार्डाचा नंबर पुन्हा पुन्हा टाकत बसलात तर कार्डच ब्लॉक होऊ शकतं.

आपला माणूस दिसत नाही

मुंबईचा इशप्रीत सिंग चढ्ढा खेळतोय म्हणून लोक स्ट्रीम उघडतात आणि समोर भलतेच दोघे. सुरुवातीच्या फेऱ्यांत एकाच वेळी अनेक टेबलांवर खेळ चालतो आणि कॅमेरे बऱ्याचदा मुख्य टेबलांवर. क्रुसिबलमध्येसुद्धा क्वार्टर फायनलपर्यंत दोन टेबलं असतात, सेमीफायनलला मधला पडदा निघतो. कोण कुठल्या टेबलावर आहे ते आधी बघा. आपला माणूस कॅमेऱ्यापुढे नसेल तर लाइव्ह स्कोअरवर भागवा, त्यातही मजा आहे.

पण मॅच बघत असताना लाइव्ह स्कोअर उघडू नका. स्ट्रीम प्रत्यक्ष खेळाच्या मागे चालतं, त्यामुळे पडद्यावर काळा चेंडू खिशात पडायच्या आधीच आकडा कळतो. क्लबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपही तेवढा वेळ म्यूट.

मोबाइल डेटावर सत्र बघणाऱ्यांना काय सांगावं! सत्र तीन-तीन तास चालतं. डेटा वाचवायला चित्राचा दर्जा खाली आणला की तपकिरी आणि लाल चेंडू सारखेच दिसतात, आणि मग रेफ्रीने फाउल का दिला ते कळत नाही. टीव्हीला इंटरनेटची केबल लावा. टीव्हीचा 'व्हिव्हिड' मोड बंद करा, त्यात गुलाबी चेंडूही लाल वाटतो.

जागरण जमत नसेल तर सकाळी यूट्यूबवर वर्ल्ड स्नूकर टूरच्या हायलाइट्स फुकट असतात. फक्त होमपेजवरून जाऊ नका, थंबनेलवरच विजेता ट्रॉफी घेऊन उभा असतो. बायकोला किंवा मुलाला लिंक उघडून द्यायला सांगा.